म्युझिक व्हिडिओ आणि संकेतांचें बंधन

गाणें हें कानाचें धन आहे, डोळ्यांचें नव्हे, असें मानणाऱ्या घरांत आमचें बालपण गेलें. त्यामुळें घरांतील तरुण मंडळी पाश्चात्त्य म्युझिक व्हिडिओ पाहावयास बसली म्हणजे आम्ही पुष्कळ दिवस दुसऱ्या खोलींत जाऊन बसत असूं. पुढें सहवासानें आम्हीही पाहूं लागलों, आणि जो आक्षेप बहुतेक प्रौढ प्रेक्षकांच्या मनांत येतो तोच आमच्याही मनांत आला. हे सारे एकाच सांच्यांतून काढल्यासारखे कां? रॉक गाण्याचा व्हिडिओ असला कीं घामानें निथळणारे चार वादक; रॅपचा असला कीं गल्लींतील सवंगडी व चकचकीत मोटारी; कंट्री गाण्याचा असला कीं घराची पडवी, धुळीचा रस्ता आणि जुनी गिटार. जेथें सर्व कांहीं आधींच ठरलेलें, तेथें कलावंताच्या प्रामाणिकपणाला जागा ती कोठली? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. तो अर्धाच खरा आहे असें आमचें मत झालें आहे, आणि तें कां झालें हेंच येथें सांगावयाचें आहे.

संकेत म्हणजे कलावंत व रसिक यांच्यामध्यें पूर्वींच झालेला करार होय. कीर्तनकारबुवांनीं पूर्वरंगांत अभंग निरूपणास घेतला कीं उत्तररंगांत आख्यान येणार, हें श्रोत्यास ठाऊक असतें. तेणेंकरून त्याचा रसभंग होत नाहीं. उलट बुवा आज तें आख्यान कसें रंगवितात याकडे लक्ष देण्यास तो मोकळा होतो. म्युझिक व्हिडिओस तर अशा कराराची गरज अधिकच, कारण त्याच्यापाशीं वेळ अगदींच थोडा. तीन-चार मिनिटांत स्थळ, काळ, पात्र व प्रसंग सर्व उभें करावयाचें. तेव्हां एखाद्या डगल्यानें किंवा एखाद्या रस्त्यानें जें सांगतां येईल तें झटपट सांगून टाकणें भाग पडतें.

पण संकेताचें काम एवढ्यावर संपत नाहीं. खरेपणा कशांत असतो याविषयीं प्रत्येक संगीतप्रकाराची आपली एक श्रद्धा असते, आणि व्हिडिओंतील संकेत त्या श्रद्धेचें दृश्य रूप होय. रॉकची श्रद्धा अशी कीं, वाद्य हातीं घेऊन श्रोत्यांसमोर जो झटतो तोच खरा. म्हणून गाणें आधीं ध्वनिमुद्रित झालेलें असलें तरी व्हिडिओंत वादकांनीं वाजविलेंच पाहिजे. रॅपची श्रद्धा अशी कीं, ज्याला आपलें गांव नि आपली गल्ली आहे त्याचा शब्द खरा. ‘द मेसेज’ या १९८२ सालच्या गाण्याचा व्हिडिओ न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर घेतला आहे. तेथें रस्ता हा गायकाच्या बाजूचा साक्षीदारच होऊन उभा राहतो. कंट्री संगीत मानतें कीं, जो आपली कर्मकहाणी साधेपणानें सांगतो तो खरा. म्हणून तेथें घर दिसावें लागतें.

परंतु कराराचें कुंपण होण्यास फारसा काळ लागत नाहीं. १ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंत एम्‌टीव्ही ही अहोरात्र व्हिडिओ दाखविणारी वाहिनी सुरू झाली. ती मुख्यतः रॉकची वाहिनी म्हणून चालविली जात होती, आणि आरंभींच्या काळांत तीवर कृष्णवर्णीय गायक क्वचितच दिसत. त्यांचें संगीत रॉक नव्हे, सबब तें येथें बसत नाहीं, असें कारण पुढें केलें जाई. १९८३ सालीं डेव्हिड बोवी या गोऱ्या इंग्रज गायकानें त्याच वाहिनीवर मुलाखत देतांना याचा उघड जाब विचारला. तेव्हां, लहान गांवांतील प्रेक्षकांस काय रुचेल हें पाहावें लागतें, अशा आशयाचें उत्तर त्यास मिळालें. वर्णभेदाला संगीतप्रकाराचें सभ्य नांव मिळालें होतें, असेंच आम्हांस म्हणावें लागतें. त्याच वर्षीं मायकल जॅक्सनचे ‘बिली जीन’ व ‘बीट इट’ हे व्हिडिओ वाहिनीवर झळकले आणि कुंपणास मोठें खिंडार पडलें. तरी रॅपला तेथें स्वतःचा कार्यक्रम मिळण्यास १९८८ साल उजाडावें लागलें. आक्षेपकांचें म्हणणें अर्धें खरें आहे असें आम्ही म्हणतों तें याच कारणानें.

आतां दुसरें अर्ध. जॅक्सनचाच ‘थ्रिलर’ १९८३ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाला. जॉन लँडिस या चित्रपट-दिग्दर्शकानें केलेल्या या सुमारें चौदा मिनिटांच्या व्हिडिओंत भयपटाचे सर्व संकेत पाळलेले आहेत: रात्रीची वेळ, पेट्रोल संपलेली मोटार, मनुष्याचें श्वापद होणें, थडग्यांतून उठणारीं प्रेतें. पण तीं प्रेतें उठतात आणि नाचूं लागतात. भयपटांतील प्रेतानें अंगावर धांवून यावयाचें असतें. पॉप गाण्यांत सर्वांनीं एका तालावर पाय टाकावयाचे असतात. दोन प्रकारांचे दोन करार येथें एकमेकांस भेटतात, आणि त्या भेटींतून निर्माण होणारी भीतियुक्त गंमत दोहोंपैकीं एकाही प्रकाराला एकट्यानें साधली नसती.

संकेत उलटा फिरवूनही अर्थ निर्माण करतां येतो. सॅम्युएल बेयर यानें दिग्दर्शित केलेल्या, निर्व्हाना या वाद्यवृंदाच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ (१९९१) या व्हिडिओंत अमेरिकन शाळेंतील उत्साहाचा मेळावा आहे, जल्लोष करणाऱ्या मुली आहेत, रॉकचे घामाघूम वादकही आहेत. पण मुलींच्या झग्यांवर अराजकवाद्यांचें चिन्ह आहे, आणि शेवटीं प्रेक्षक मुलेंच तो देखावा मोडून टाकतात. त्याचप्रमाणें रॅपच्या व्हिडिओंत स्त्री ही बहुधा पुरुषाच्या वैभवाची शोभा म्हणून उभी केली जात असे. मिसी एलियट या गायिकेनें ‘द रेन’ (१९९७) मध्यें हवा भरून फुगविलेला काळा पोशाख अंगावर चढविला, आणि दिग्दर्शक हाइप विल्यम्स यानें आपल्या आवडत्या गोलाकार भिंगांतून ती आकृति आणखीच फुगवून दाखविली. तिचें शरीर न्याहाळण्याची सोयच प्रेक्षकाला उरली नाहीं. पाहावयाची ती तिची ऐट. प्रकार रॅपचाच राहिला, पण त्यांतील स्त्रीची जागा बदलली.

या सर्वांहून आमच्या मनाला अधिक भिडला तो जॉनी कॅशचा ‘हर्ट’. मूळ गाणें १९९४ सालचें, नाइन इंच नेल्स या अगदीं निराळ्या पंथाच्या वाद्यवृंदाचें, एका तरुणाच्या आत्मक्लेशाचें. सत्तरीला पोंचलेल्या कॅशनें तें २००२ सालीं आपल्या गीतसंग्रहांत गाइलें, आणि मार्क रोमानेक यानें त्याचा व्हिडिओ केला. त्यांत कंट्रीचे सारे संकेत आहेत: घर, गिटार, आगगाडी, पत्नी. परंतु घर आहे तें थकलेल्या माणसाचें. त्याच्या नांवाचें संग्रहालय बंद पडलेलें आहे. मेजावर पक्वान्नें मांडलेलीं असून तो थरथरत्या हातानें त्यांवर मद्य ओततो. ऐश्वर्याची क्षणभंगुरता दाखविणारीं जीं स्थिरचित्रें सतराव्या शतकांत डच चित्रकार काढीत, त्यांचीच ही वंशज. मध्येंच तरुण कॅशचीं जुनीं चलच्चित्रें झळकतात, आणि पत्नी जून कार्टर जिन्यावरून त्याच्याकडे पाहत उभी राहते. शेवटीं तो पियानोचें झांकण मिटतो. २००३ च्या मे महिन्यांत जून वारली, सप्टेंबरांत कॅशही गेला. जन्मभर ज्या संकेतांच्या आधारानें त्यानें दुसऱ्यांच्या कहाण्या गाइल्या, त्याच संकेतांनीं अखेरीस त्याची स्वतःची कहाणी सांगितली. संकेत जुने नसते तर त्यांवरील सुरकुत्या आपणांस दिसल्या नसत्या.

२००५ सालीं यूट्यूब आलें आणि काय दाखवावें हें ठरविणाऱ्या वाहिनीची सत्ता ओसरली. आतां कोणीही कांहींही करून दाखवावें. तरी पडवी, गल्ली आणि घामाघूम वादक हे कांहीं नाहींसे झाले नाहींत. यावरून असें दिसतें कीं, संकेत हे केवळ व्यापाऱ्यानें लादलेले नसून ते प्रेक्षकालाही हवे असतात. तेव्हां टीकाकारानें ‘संकेत आहे काय?’ हा प्रश्न सोडून द्यावा; तो असणारच. त्यानें दोन गोष्टी विचाराव्या: हा संकेत गाण्यांतील भाव वाहून नेतो, कीं भावाच्या जागीं स्वतःच ठाण मांडून बसतो? आणि त्याच्या नांवाखालीं कोणाला दाराबाहेर तर ठेवलेलें नाहीं ना?

हे दोन प्रश्न मनाशीं बाळगून आम्ही हल्लीं तरुण मंडळींच्या शेजारींच बसतों. पुष्कळ व्हिडिओ पहिल्याच प्रश्नाला नापास होतात, हें कबूल केलें पाहिजे. पण दुसऱ्या खोलींत जाण्याचें कारण आतां आम्हांस दिसत नाहीं.