दुय्यम गुप्तहेर

रहस्यकथेकडे आपल्या टीकाकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे झुंजार आणि काळापहाड वाचकांच्या उशाखाली असत, पण वाङ्मयविचारात त्यांना ओसरीवरच बसावे लागले. मग संगणकावर खेळावयाच्या रहस्यकथेचा विचार दिवाळी अंकात कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच की, या कथेने मला अस्वस्थ केले. आणि जी कृती अस्वस्थ करते तिची झडती घेणे हे टीकेचे कामच आहे.

'द हॉन्टेड आयलंड' हा तो खेळ. ऑस्ट्रेलियातील ग्रेस ब्रक्सनर आणि थॉमस बोकर यांनी तो २०१८ साली प्रसिद्ध केला. २०१९ आणि २०२२ मध्ये त्याचे पुढले दोन भाग आले. पूनम सागरमधल्या आमच्या घरी पुतण्याने तो मला दाखविला. एका बैठकीत, तासाभरात संपला. नायक एक बेडूक. तो गुप्तहेर आहे, पण दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला क्रमांक एका शेवंडीचा. एका बेटावर भुताचे आवाज येतात, त्यांचा छडा त्याला लावावयाचा आहे. त्याच्या हाती भिंग आहे, पण ते डोळ्यापुढे धरून जग मोठे दिसते एवढाच त्याचा उपयोग! पुरावा मिळतो तो बोलण्यातून. कोणाला काय हवे ते विचारावे, ते कोठून तरी आणून द्यावे, बदल्यात दुसरे काही घ्यावे, असे करीत बेडूक उत्तरापर्यंत पोहोचतो.

आपल्या पंचतंत्रातही एक बेडूक आहे. भाऊबंदांचा सूड घेण्यासाठी गंगदत्ताने प्रियदर्शन नावाच्या सर्पाला विहिरीत आणले आणि स्वतःचेच कुळ गमावले. तेथे प्राणी येतात ते माणसांना सावध करण्यासाठी. या बेडकाला सावधपणा ठाऊकच नाही. तो कोणावर डोळे वटारीत नाही, कोणाला कोपऱ्यात घेत नाही. येथील विनोद शब्दांच्या कोट्यांत थोडा, आणि या निष्कपट आदबशीरपणात फार आहे.

हे पाहताना मला माझा वर्ग आठवला. मागल्या वर्षी एका मुलाचे घड्याळ हरवले. माझा संशय शेवटल्या बाकावरच्या मुलावर गेला. पुरावा काय, तर त्याच्याकडे घड्याळ नव्हते आणि मी विचारताच तो गोरामोरा झाला. सर्वांसमोर मी त्याचे दप्तर उपसले. घड्याळ दुसऱ्या दिवशी मालकाच्याच घरी सापडले. कादंबऱ्यांतून माणसांची मने उकलून दाखविणारा मी. पण मला एक साधा प्रश्न नीट विचारता आला नव्हता.

म्हणूनच या खेळाचे मोल मला वाटते; आणि म्हणूनच त्यातील उणीवही सलते. बेडूक चुकतच नाही. खेळणाराने काहीही केले तरी कोणा निरपराध्यावर आळ येत नाही. वस्तूंची देवघेव पुरी झाली की रहस्य आपोआप उलगडते. संशयाची किंमत कोणालाच द्यावी लागत नाही, तेव्हा त्या सौजन्याची परीक्षाही होत नाही. जेथे रागावण्याचे कारणच नाही तेथे गोड बोलणे सोपे असते. बेडकाने एकदा तरी चुकीच्या प्राण्याकडे बोट दाखवावयास हवे होते, आणि मग त्याच्यापुढे उभे राहावयास हवे होते. हसू त्यामुळे कमी झाले नसते, खोल झाले असते.

खेळ लहान आहे, त्याच्याकडून मी फार मागतो आहे, हे मला कळते. पुतण्याही तेच म्हणाला. पण लहान कृतीलाही आपल्या विषयाच्या तळाशी जाता येते.

तो मुलगा अजून माझ्याच शाळेत आहे. जिन्यात भेटला की बाजूला होतो. त्याची क्षमा मागावयाची राहून गेली आहे. सुट्टीनंतर शाळा उघडेल, तेव्हा प्रथम ते करावयाचे आहे, आणि तेही वर्गासमोर.