पाणी कधी येणार ते सांगा, का आलं नाही ते विचारू नका

मघाशी प्रास्ताविकात 'स्थानिक रेडिओ' हा शब्द दोन-तीनदा आला. तिथूनच सुरुवात करतो. स्थानिक म्हणजे नेमकं काय? टॉवर गावात उभा केला, म्हणून स्टेशन गावाचं होतं का?

शहरातली खाजगी एफएम स्टेशनं घ्या. शहराचं नाव सारखं घेतलं जातं, पण शहर बदललं तरी गाणी तीच आणि थट्टामस्करीही तीच. निवेदक पुण्याचा असतो, कार्यक्रम मात्र कुठलाही असू शकतो.

याला उत्तर म्हणून आपल्याकडे सामुदायिक रेडिओ आला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. त्यानंतर परवाने आधी शिक्षणसंस्थांना मिळाले आणि २००६च्या धोरणाने ते स्वयंसेवी संस्थांनाही खुले झाले. २००८ साली झहीराबादजवळ दलित शेतकरी बायांचं 'संघम रेडिओ' सुरू झालं. त्याच वर्षी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, 'माणदेशी तरंग वाहिनी' आली. दोन्ही ९०.४ वर. ताकद शंभर वॉट, म्हणजे आवाज फार तर दहा-पंधरा किलोमीटर जाणार. पण महत्त्व अंतराचं नाही. माणदेशी बोली रेडिओवर आली की ऐकणारीला वाटतं, अगं, ही तर आपल्यातलीच! किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, हे धोरणातच लिहिलेलं आहे. इथवर कौतुकच आहे.

आता माझी तक्रार. या स्टेशनांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. खाजगी एफएमलाही आहे. हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना हे सगळं चालतं, कारण नियमाच्या लेखी ती बातमी नाही. म्हणजे बघा, उद्या नळाला पाणी येणार नाही, हे रेडिओ सांगू शकतो. पण का येणार नाही, टाकीचं काम कुठे अडलं, पैसे कुठे गेले, हे शोधून सांगितलं की झाली बातमी! आणि दुष्काळी तालुक्यात याहून स्थानिक प्रश्न दुसरा कोणता असणार?

सरकारचं म्हणणं असं, की इतक्या स्टेशनांवर लक्ष ठेवणं अवघड आहे, कुणी भडकवणारं काही बोललं तर काय? ही भीती अगदीच खोटी नाही. पण त्याच गावात वर्तमानपत्र येतं, टीव्ही लागतो, मोबाईलवर दिवसभर खऱ्याखोट्याचा रतीब चालू असतो. 'कॉमन कॉज' या संस्थेने २०१३ मध्ये याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती याच विसंगतीवर बोट ठेवून.

मात्र सगळं खापर सरकारवर फोडून मोकळं होता येणार नाही. स्टेशनं चालतात अनुदानावर आणि सरकारी जाहिरातींवर. मग काय होतं, की डॉक्टर सांगतात, कृषी अधिकारी सांगतात, बँकेचे साहेब सांगतात आणि गाव ऐकतं. माहिती चांगलीच असते हो! पण समुदाय पुन्हा श्रोताच राहतो, फक्त आता त्याला त्याच्या बोलीत ऐकवलं जातं. गावची बाई ओवी म्हणायला माईकसमोर येते. रेशनच्या दुकानाबद्दल बोलायला ती कधी येते?

म्हणून कुठल्याही स्थानिक स्टेशनाला मी एकच कसोटी लावतो. श्रोते किती, गाणी किती, हे नंतर. ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो माणूसही त्याच दहा किलोमीटरांत ऐकत बसलेला असताना, तक्रार करणाऱ्याचा आवाज लागतो का? तो लागत नसेल, तर आपण गावाला फक्त भोंगा दिला, माईक दिलाच नाही.

थांबतो. आता तुम्ही बोला.