तारकाची प्रतीक्षा : यहुदी मशीहा-कल्पनेची चिकित्सा

गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त एक अध्याय अवतारकार्यावर लिहिला आणि दुसरा प्रयत्नाच्या प्रभावावर. तारकाने यावे की माणसाने उठावे, हा प्रश्न वऱ्हाडी वाचकास असा घरचाच आहे. यहुदी धर्मात त्याला दीर्घ इतिहास आहे, म्हणून त्या इतिहासाची चिकित्सा उपयुक्त ठरते.

'मशीहा' या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ 'तेलाने अभिषेक झालेला' एवढाच. शौल, दावीद हे राजे आणि प्रमुख याजक यांना तो लावला जाई. बाबिलोनच्या बंदिवासातून यहुद्यांना सोडविणारा इराणी सम्राट कोरेश, यासही यशया ग्रंथात हेच विशेषण मिळाले आहे. म्हणजे प्रारंभी हा शब्द इहलोकीच्या सत्तेचा होता. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास जेरुसलेम पडले, दावीदाच्या वंशाचे राज्य संपले आणि गेलेल्या राजाची आठवण हीच पुढे येणाऱ्या राजाची आशा झाली. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील छळात दानीएल ग्रंथाने युगान्ताची अपेक्षा तीव्र केली. पराभव आणि छळ यांतून ही कल्पना वाढत गेली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

तिची किंमतही मोठी होती. ज्याला अनेकांनी मशीहा मानले त्या बार कोखबाचा १३२ ते १३५ चा उठाव रोमनांनी चिरडला. १६६५ मध्ये शब्बताई झ्वीने स्वतःस मशीहा घोषित केले आणि पुढच्याच वर्षी तुर्की सुलतानापुढे इस्लाम स्वीकारला.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजात निराळे वळण दिसते. मशीहाच्या आधी येणारा मानला गेलेला संदेष्टा एलीया येथे नवसाला पावणारा रक्षक झाला. त्याच्या नावाने मलिदा होतो. अलिबागजवळ खंडाळ्यास त्याच्या रथाची खूण दाखवितात. जेथे छळ नव्हता, तेथे प्रतीक्षाही सौम्य झाली.

परंतु आपण बौद्धांनी हा दोष केवळ परक्यांचा समजू नये. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात भावी मेत्तेय्य बुद्धाचे भाकीत आहे; मात्र त्याच सुत्ताच्या आरंभी आणि अखेरीस 'अत्तदीप' होण्याचा उपदेश आहे. भाकीत आहे, पण वाट पाहत बसण्याची मुभा नाही. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, हे बाबासाहेबांनी स्पष्ट केले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीचा धोकाही दाखविला. त्याच बाबासाहेबांना पुन्हा जन्म घेण्याची विनवणी आपण करू लागलो, तर बावीस प्रतिज्ञा घेऊनही आपण प्रतीक्षेच्याच धर्मात राहिलो, असे म्हणावे लागेल.