खडकात आहे, पण पिकाला मिळते का?

खतांचा धडा चालू असला की एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच, “शेल खडकात पोटॅश असते ना, मग आपण ते परदेशातून का आणतो?” प्रश्न रास्त आहे. भारताला लागणारे म्युरिएट ऑफ पोटॅश जवळजवळ सगळे आयात होते. आमची तक्रार आहे ती ‘खडकात अमुक टक्के पोटॅश’ एवढाच आकडा देऊन तिथेच थांबणाऱ्या लेखांविषयी.

म्युरिएटच्या ५० किलोच्या पोत्यात ६० टक्के, म्हणजे ३० किलो पोटॅश असते. शेलमध्ये ते सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याच पोटॅशसाठी एक टन दगड, म्हणजे वीस पोती, दळून शेतात न्यावी लागतील. बरे, तेही उपयोगी पडेल असे नाही. प्रयोगशाळेत तीव्र आम्लांनी खडक पुरता विरघळवून हा आकडा काढतात. उसाच्या मुळांकडे ती आम्ले नसतात. शेलमधले पोटॅशियम अभ्रकासारख्या खनिजांच्या थरांत अडकलेले असते आणि फार सावकाश सुटते. ते लवकर सोडवायचे तर खडक चुनखडीबरोबर भट्टीत भाजणे यासारखे उपाय आहेत. मग कोळशाचे बिल कोण भरणार?

पहिल्या महायुद्धात जर्मन पोटॅश बंद झाले तेव्हा भाव भडकले. अमेरिकेने नेब्रास्कातली खारी तळी, समुद्रशैवाल, सिमेंटच्या भट्टीची धूळ, सारे वापरून पाहिले. युद्धानंतर स्वस्त जर्मन माल परतला आणि यातले बहुतेक उद्योग बसले. पोटॅश तेवढेच होते, भाव बदलला.

कोल्हापूरचा बहुतेक भाग तर बेसाल्टचा. त्यात पोटॅश साधारणपणे एक टक्क्याहूनही कमी. पण इथे साखर कारखाने आहेत. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारे दाट सांडपाणी बॉयलरमध्ये जाळले, की राखेत पोटॅश उरते. उसाने जमिनीतून उचललेलेच ते, आणि बरेचसे पाण्यात विरघळणारे. २०२१ मध्ये केंद्राने अशा खताला अनुदान योजनेत घेतले. त्यात पोटॅश १४.५ टक्के, म्हणजे म्युरिएटच्या एका पोत्याच्या जागी चारांहून थोडी जास्त पोती. गाडीभाडे इथेही आहेच, पण कारखाना आणि शेत शेजारी आहेत.

शेलवर संशोधन होऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. पोटॅश अधिक असलेले हिरवट ग्लॉकोनाइटी खडक तपासण्याजोगे आहेत. मात्र लेखकाने टक्केवारीशेजारी आणखी दोन आकडे द्यावेत: त्यातले पाण्यात किती उतरते आणि शेताच्या बांधावर एक किलो पोटॅश कितीला पडते. सातवीच्या मुलांनाही हे गणित पोत्यांवरचे आकडे वाचून मांडता येईल.