बिघाड सांगण्याचें गद्य

सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रामकर्त्याचा संगणकांतील दोष कसे कळवावे या विषयावरील १९९९ चा निबंध, आणि एरिक रेमंड या अमेरिकन लेखकानें रिक मोएन यांच्या साह्यानें २००१ मध्यें सिद्ध केलेला, प्रश्न शहाणपणानें कसे विचारावे याविषयींचा निबंध, हे दोन्ही संगणकाच्या जगांत इतके वाचले गेले आहेत कीं, त्यांचें परीक्षण आतां करणें म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणें असें कोणी म्हणेल. परंतु हे निबंध बहुधा उपयुक्त सूचनापत्रकें म्हणूनच वाचले जातात. ते मुळांत गद्यलेखनावरचे निबंध आहेत, आणि त्या नात्यानें मराठी वाचकाला त्यांच्याशीं कांहीं देणेंघेणें आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. ज्या सॉफ्टवेअरच्या मूळ ओळी कोणासहि वाचतां, बदलतां आणि पुनः वांटतां येतात, त्यास मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें आरंभिलेलें लिनक्स हें त्याचें ठळक उदाहरण होय. २०२० च्या जुलैंत आमच्या पनवेलीजवळ योट्टा कंपनीचें जें भलें मोठें विदाकेंद्र सुरू झालें, त्या जातीच्या केंद्रांतील बहुतेक संगणक जगभर लिनक्सवरच चालतात. घरोघरच्या अँड्रॉइड फोनच्या पोटांतहि लिनक्सच आहे. तेव्हां हें प्रकरण आपलें नव्हे, असें म्हणण्याची सोय आतां कोणालाच उरलेली नाहीं. असलें सॉफ्टवेअर बिघडलें तर पावती घेऊन दुकानदाराकडे जातां येत नाहीं. वापरणारा बिघाड लिहून कळवितो, घडविणारा उलट प्रश्न विचारतो, तिसरा कोणी मध्येंच आपला अनुभव सांगतो, आणि या पत्रापत्रींतून दोष हातीं लागतो. म्हणजे या दुरुस्तीचें पहिलें हत्यार पेंचकस नसून वाक्य आहे. तें वाक्य बरें नसलें तर पुढचें कांहींच होत नाहीं.

टॅथम यांच्या निबंधाचा गाभा थोडक्यांत असा: दोष कळविणाऱ्याचें काम दोषाची मीमांसा करणें हें नसून, घडविणाऱ्याच्या डोळ्यांपुढें तो दोष पुनः घडेल असें करणें हें आहे. आपण काय केलें, काय दिसलें, आणि काय दिसावयास पाहिजे होतें, या तीन गोष्टी क्रमानें सांगाव्या. पडद्यावर आलेला इशारा आंकड्यासह जसाचा तसा उतरून घ्यावा. आणि आपला तर्क द्यावयाचाच असला तर लक्षणें सांगून झाल्यावर द्यावा. येथें त्यांनीं वैद्याचा दृष्टांत दिला आहे व तो मोठा समर्पक आहे. रोग्यानें वैद्याकडे जाऊन औषधाचें नांव सांगावयाचें नसतें, दुखतें कोठें तें सांगावयाचें असतें. आमच्याकडील रोगी औषधाचें नांव सहसा सांगत नाहीं, परंतु तो म्हणतो, "कसेंसेंच होतें." या एका शब्दांत मराठी भाषेनें किती वैद्यांचा वेळ खर्ची घातला असेल, याचा हिशेब कोणी केलेला नाहीं. "चालत नाहीं" हें संगणकाच्या बाबतींतलें "कसेंसेंच" होय.

आतां या उपदेशाकडे मराठीच्या बाजूनें पाहूं. सर्वनामें जपून वापरावीं, असा टॅथम यांचा एक इशारा आहे. इंग्रजींत खिडकी, प्रोग्राम, फाइल या सर्वांना एकच नपुंसकलिंगी सर्वनाम लागत असल्यामुळें कोण बंद झालें आणि कोण कोसळलें तें कळेनासें होतें. मराठींत ही अडचण निम्मी आपोआप सुटते. "ती मिटतांच तो कोसळला" एवढें म्हटलें कीं मिटली ती खिडकी आणि कोसळला तो प्रोग्राम, हें निराळें सांगावें लागत नाहीं. आमच्या भाषेंतील लिंगांच्या जंजाळाला कंटाळलेल्या परकीय अभ्यासकांनीं त्याचा हा गुण लक्षांत घ्यावा! मात्र हें सुख फार दिवस टिकणारें नाहीं. फाइल, लिंक, विंडो, साइट हे सारे पाहुणे शब्द मराठींत येतांना स्त्रीलिंगांतच शिरले, आणि "ती उघडली, मग ती आली, ती बंद केली तों ती गेली" अशा वाक्यापुढें इंग्रजीचा घोंटाळाहि पत्करला असें म्हणण्याची पाळी येते.

याहून गंभीर गोष्ट कर्त्याची. "कपबशी फुटली", "दूध उतूं गेलें", "चष्मा हरवला" अशी आमची बोलण्याची रीत आहे. वस्तु स्वतःच्याच इच्छेनें फुटतात, सांडतात आणि हरवतात. घरांतील माणसें जवळ उभीं असतात इतकेंच. गृहसौख्याच्या दृष्टीनें ही रीत फार सोयीची आहे, आणि ती मोडावी असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. परंतु हीच रीत घेऊन माणूस बिघाड सांगूं लागला म्हणजे "सगळें पुसलें गेलें", "अक्षरें बदललीं", "आपोआप बंद झालें" एवढेंच हातीं येतें. कोणती कळ दाबली, ती कोणत्या क्रमानें दाबली, पहिल्यांदा कीं दुसऱ्यांदा, हें सारें त्या 'आपोआप'च्या पोटांत लपून राहतें. मराठींत "मीं कळ दाबली" असें स्पष्ट म्हणतां येत नाहीं असें मुळींच नाहीं. तें म्हणतांना आपण दोष कबूल करीत आहों असें उगाच वाटतें, म्हणून आपण तसें म्हणत नाहीं.

या बाबतींत आमच्या भाषेला पूर्वपरंपरा नाहीं असेंहि नव्हे. राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करावयास आरंभ केला, तेव्हां बखरींपेक्षां अस्सल पत्रांची किंमत त्यांनीं अधिक मानली, हें वाचकांस विदित आहेच. मोहिमेवरून आलेल्या पत्रांत तिथि असते, मुक्कामाचें नांव असतें, फौज किती आणि दाणावैरण किती हें असतें. पराभवाचें कारण बहुधा नसतें, कारण तें लिहिणाऱ्याला अजून ठाऊकच नसतें. बखरींत कारण पहिल्याच पानावर असतें आणि तिथि चुकलेली असते. दोष कळविणारा मराठी माणूस आज बखर लिहितो. टॅथम त्याच्याजवळ पत्र मागत आहेत.

रेमंड यांचा निबंध अधिक गाजलेला, अधिक लांब आणि अधिक तिखट आहे. विचारण्यापूर्वीं स्वतः शोधावें, पुस्तिका वाचावी, पत्राच्या मथळ्यांतच काय बिघडलें व कसें तें सांगावें, आणि उत्तर मिळाल्यावर काय केल्यानें काम झालें हें चार ओळींत सर्वांस कळवावें, हा त्यांचा उपदेश निर्दोष आहे. हें शेवटचें कलम तर सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखें आहे. आमच्याकडे काम झालें कीं पत्र बंद. लाचारी म्हणजे अभ्यास नव्हे, असाहि त्यांचा अभिप्राय आहे. "मी अगदीं अडाणी आहें, कृपा करून सांगावें" अशा आर्जवानें अर्धें पत्र भरून टाकणाऱ्या आमच्या लोकांनीं तो मनावर घ्यावा. 'विनंति विशेष' म्हटल्यावर पुढें विशेष कांहीं आलें पाहिजे.

परंतु निबंधाचा स्वर आम्हांस पटत नाहीं, आणि एका मुद्द्यावर त्यांचा सल्लाच घातक आहे असें आमचें मत आहे. रेमंड यांच्या सृष्टींत उत्तर देणारा हा जाणता व विचारणारा हा उमेदवार. जाणत्यानें खडसावलें तर उमेदवारानें तें निमूटपणें सोसावें, परकी भाषेंत लिहितांना व्याकरणांत चुकला तर थोडी सूट मिळेल, आणि नवशिक्यानें 'मला दोष सांपडला' असा दावा सहसा करूं नये, चूक आपलीच असेल असें धरून चालावें. लिनक्सच्या गाभ्याविषयीं हें शहाणपणाचें असेलहि. लिपीविषयीं तें सर्वस्वीं उलट आहे, आणि तें कसें हें एका अक्षरावरून दाखवितां येतें.

पनवेलीच्या एका बाजूस खाडी आहे आणि दुसऱ्या बाजूस कर्नाळ्याचे डोंगर. म्हणून येथल्या माणसाला 'दर्या' हा शब्दहि लागतो आणि 'दऱ्या' हाहि. एकांत 'य'च्या डोक्यावर रफार आहे, दुसऱ्यांत 'य'च्या आधीं पापणीच्या केसासारखा वांकडा अर्धा 'र' आहे. 'आचार्यांना' जेवूं घालणें आणि 'आचाऱ्यांना' जेवूं घालणें यांतहि तेवढाच फरक. हिंदीला या दुसऱ्या आकाराची गरज पडत नाहीं. मराठीचें त्यावांचून चालत नाहीं. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतांत त्याची तरतूद आहे, आणि ती एक नसून दोन आहेत: नुक्त्याच्या 'ऱ'ला पायमोड देऊन पुढें 'य' लिहावा, किंवा साध्या 'र'ला पायमोड देऊन मध्यें एक अदृश्य जोडचिन्ह घालावें. छापून दोन्ही सारखेंच दिसतें. परंतु संगणकाच्या दृष्टीनें ते दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि एका रीतीनें लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनें शोधूं गेलें असतां, तशी खास व्यवस्था केलेली नसेल तर, तो सांपडत नाहीं.

आतां समजा, एकाद्या फोनवर 'दऱ्या' लिहावयाची सोपी वाट नाहीं आणि उमटतें तें 'दर्या'. यंत्राच्या लेखीं कांहींच बिघडलेलें नाहीं. कोणताहि इशारा येत नाहीं, कांहीं कोसळत नाहीं, आणि बर्लिनमधील किंवा कॅलिफोर्नियांतील अत्यंत कुशल प्रोग्रामकर्ता त्या पडद्याकडे तासभर पाहत बसला तरी त्याला त्यांत दोष दिसणार नाहीं. येथें जाणता कोण? चौथीच्या वर्गांत शुद्धलेखन शिकलेला मुलगा! रेमंड यांच्याच १९९७ च्या प्रसिद्ध व्याख्यानांतील सिद्धान्त असा कीं, पुरेसे डोळे असले म्हणजे कोणताहि दोष खोल राहत नाहीं. त्यास त्यांनीं लिनसचें नांव दिलें आहे. नुसते डोळे पुरत नाहींत, वाचणारे डोळे लागतात, हें २०१४ मध्यें ओपनएसएसएल या सर्वत्र वापरांत असलेल्या सॉफ्टवेअरमधील 'हार्टब्लीड' दोष दोन वर्षें कोणाला न दिसतां राहिल्यानें उघड झालें. अक्षरांच्या बाबतींत ते डोळे ती लिपि त्या भाषेंत वाचणारे असावे लागतात. मराठी वाचकाला जर कोणी सांगितलें कीं चूक तुझीच धर, तर तो ती आनंदानें धरतो. तो 'सुऱ्या'ऐवजीं 'सुर्या' लिहितो, 'ॲ'ऐवजीं 'अे' किंवा 'ए' लिहितो, आणि यंत्राला जें येतें तेवढीच आपली भाषा असें मानून पुढें जातो. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्यें स्वतःचें स्थान २००८ मध्यें मिळालें. तोंपर्यंत तें अक्षर जोडतोड करून लिहावें लागे, आणि पुष्कळदां अक्षराच्या पोटांत ठिपक्यांचें एक वर्तुळ उमटे. तें वर्तुळ किती जणांनीं पाहिलें आणि किती जणांनीं कळविलें?

न कळविण्याचा परिणाम तेवढ्यावरच थांबत नाहीं. हार्फबझ या नांवाचें एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. संकेतांवरून अक्षरांचे आकार जुळविण्याचें काम तें करतें, आणि फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड हीं सारीं त्याच्यावर विसंबतात. २०१२ च्या सुमारास त्याची देवनागरी तपासतांना, विकिपीडियावरून गोळा केलेल्या शब्दांच्या लांबलचक याद्या घेऊन, मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेनें काढलेल्या आकारांशीं एकेक शब्द ताडून पाहिला गेला. पद्धत उत्तम, आणि तीमुळें असंख्य दोष गेले. परंतु अशा तपासणींत एक यंत्र दुसऱ्या यंत्राची साक्ष काढतें, हें विसरूं नये. दोघांनींहि एकच चूक केली तर ती उघडकीस यावयाची नाहीं. आणि यादींत 'दर्या' असेल तर तो समुद्र आहे कीं डोंगरांतील खोलगट जागा हें यादी सांगत नाहीं. आम्हीं चुकीचें लिहून सोडून दिलेले शब्द उद्यांच्या यंत्राचे नमुने होतात. रेमंड यांनीं आपल्या निबंधांत प्रश्नांच्या उदाहरणांच्या जोड्या, मूर्ख आणि शहाणे अशा, मोठ्या चवीनें दिल्या आहेत. प्रश्न न विचारतां निघून गेलेल्या माणसाचें उदाहरण त्यांत नाहीं, आणि असणेंहि शक्य नव्हतें.

म्हणून या दोन निबंधांत मराठींत आणण्यायोग्य कोणता असें आम्हांस कोणी विचारील तर आम्ही टॅथम यांचें नांव घेऊं. त्यांच्या निबंधांतहि उणें आहे. वापरणारा आणि घडविणारा एकच भाषा बोलतात असें ते गृहीत धरतात, आणि दिसणारी वस्तु बिघडलेली आहे हें पाहणाऱ्या दोघांनाहि सारखेंच पटेल असेंहि. अक्षराचा दोष कळवितांना "काय दिसावयास पाहिजे होतें" हें कलम सर्वांत मोठें करावें लागेल: बरोबर शब्दाचें चित्र जोडावें लागेल, आणि चुकीच्या शब्दाचा अर्थ काय होतो तें सांगावें लागेल. भाषांतर करणारानें तेथें चार ओळी स्वतःच्या घातल्या तर मूळ लेखकाची हरकत नसावी.

असें निवेदन मराठींत कसें दिसेल, याचा एक नमुना येथें देतों. "मीं शोधपेटींत 'दऱ्या' हा शब्द लिहिला. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर द, ऱ, पायमोड, य, काना या क्रमानें कळा दाबल्या. उघडलेल्या लेखाच्या तिसऱ्या ओळींत हा शब्द डोळ्यांना दिसतो, तरी 'आढळला नाहीं' असें उत्तर आलें. तो लेख दुसऱ्या संगणकावर लिहिलेला असून तेथें साधा र, पायमोड आणि अदृश्य जोडचिन्ह वापरलेलें आहे. दोन्ही रीतींनीं एकच मराठी शब्द लिहिला जातो, म्हणून शोधांत तो सांपडावयास पाहिजे. तीनदां करून पाहिलें. तीनहि वेळां तेंच झालें. दोन्ही शब्दांचें चित्र सोबत जोडलें आहे." यांत क्षमायाचना नाहीं, तर्क नाहीं, आणि 'आपोआप' हा शब्द नाहीं. सॉफ्टवेअरची आवृत्ति कोणती तें मात्र राहिलें आहे. पहिलें उत्तर येईल तें तेंच विचारणारें असेल.