‘रोधक’ म्हणजे नक्की कशाचा? मुतखडा, लघवीतली प्रथिनं आणि एक ढिलं वाक्य

मुतखड्यावरचे प्रबंध वाचायला घेतलेत तर पहिल्याच प्रकरणात एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत भेटत राहतं : लघवीतली काही प्रथिनं खडा होऊ देत नाहीत. माझ्या सिनॉप्सिसमध्येही ते होतं. सादरीकरणात समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “कुठल्या टप्प्याला रोखतात? आणि कशात, लघवीत की बफरमध्ये?” माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. मी ते वाक्य एका रिव्ह्यूमधून घेतलं होतं, मूळ पेपर उघडलेलेच नव्हते. नंतर उघडले. वाक्य चुकीचं नाही, पण फार ढिलं आहे. ते कुठे ढिलं आहे हे समजून घेणं पीएचडीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

आधी मूळ कोडं. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. गंमत अशी की निरोगी माणसाची लघवीसुद्धा बऱ्याचदा कॅल्शियम ऑक्झलेटने अतिसंपृक्त असते, म्हणजे साध्या पाण्यात जेवढं विरघळेल त्याहून जास्त त्यात असतं. मग सगळ्यांनाच खडे का होत नाहीत? साखरेचा पाक आठवा. गार झाल्यावर तो पुन्हा रवाळ होऊ नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो. लघवीतही असं काहीतरी ‘लिंबू’ असणार, हा तर्क इथूनच आला. सायट्रेट, मॅग्नेशियम, पायरोफॉस्फेट हे लहान रेणू सापडले. प्रथिनांमध्ये टॅम-हॉर्सफॉल प्रथिन, ऑस्टिओपॉन्टिन, प्रोथ्रॉम्बिनचा पहिला तुकडा, बिक्युनिन अशी नावं पुढे आली.

आता मॅडमचा पहिला प्रश्न. खडा एका झटक्यात होत नाही. आधी स्फटिकाचा कण जन्मतो (न्यूक्लिएशन), मग तो वाढतो, मग कण एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो आणि शेवटी तो गठ्ठा मूत्रपिंडात कुठेतरी अडकून राहतो. लघवी मूत्रपिंडाच्या नलिकांमधून काही मिनिटांत पुढे जाते. तेवढ्या वेळात एकटा कण वाढून नलिका अडवण्याइतका मोठा होणं अवघड, हे गणित 1978 मध्येच मांडलं गेलं होतं. त्यामुळे ‘गठ्ठा होणं’ आणि ‘अडकणं’ हे टप्पे महत्त्वाचे ठरतात. जो पेपर नुसतं ‘रोधक’ म्हणतो आणि टप्पा सांगत नाही, त्याने निम्मंच सांगितलेलं असतं.

टॅम-हॉर्सफॉल प्रथिनाचं उदाहरण घेऊ. निरोगी माणसाच्या लघवीत सगळ्यात जास्त असणारं प्रथिन हेच. 1950 मध्ये टॅम आणि हॉर्सफॉल यांनी ते वेगळं केलं, पण मुतखड्यासाठी नव्हे. इन्फ्लुएंझाचा विषाणू तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो, त्याला अडवणारा पदार्थ म्हणून. पुढे 1985 मध्ये गरोदर बायकांच्या लघवीतून ‘युरोमोड्युलिन’ नावाचं प्रथिन मिळालं आणि 1987 मध्ये कळलं की ही दोन्ही एकच. साहित्य शोधताना एकच नाव टाकलंत तर अर्धे पेपर हातातून निसटतात, हा जाता जाता धडा.

1989 मध्ये हेस, नाकागावा आणि को यांनी दाखवलं की हे प्रथिन कॅल्शियम ऑक्झलेटच्या कणांचा गठ्ठा होणं जोरात रोखतं. मात्र कणांच्या वाढीवर त्याचा विशेष परिणाम दिसत नाही. पुढचं काम जास्त रोचक आहे. पीएच कमी केला, क्षार वाढवले, की या प्रथिनाचे रेणू आपसातच चिकटू लागतात आणि रोखण्याची ताकद घटते. वारंवार खडे होणाऱ्या काही रुग्णांच्या प्रथिनात हा दोष ठळक दिसला. हेस यांनी मग उघडच विचारलं, हे रोधक आहे की प्रवर्तक? उत्तर भांड्यात काय आहे त्यावर ठरतं.

इथे मला एक खटकतं. हे प्रथिन वेगळं करण्याची जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत म्हणजे लघवीत 0.58 मोलर होईल एवढं मीठ घालून ते खाली बसवणं. म्हणजे ज्या गुणधर्माचा अभ्यास करायचा, आपसात चिकटण्याचा, तोच वापरून आपण ते पकडतो. मग ते पूर्ववत सुटं झालं का, हे न तपासता आलेले आकडे मी जपूनच वाचेन. बरेच पेपर पद्धतीत ही एक ओळ लिहून पुढे सरकतात.

दुसरा प्रश्न, कशात? ऑस्ट्रेलियात रोझमेरी रायल यांच्या गटाने साध्या बफरऐवजी माणसाच्या लघवीतच स्फटिक तयार केले आणि त्यांच्या आत कुठली प्रथिनं शिरतात ते पाहिलं. लघवीत शेकडो प्रथिनं असूनही स्फटिकांमध्ये एक ठळकपणे सापडलं. ते रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनचा तुकडा निघालं. प्रयोगाची मांडणी मला आवडते, कारण निवड स्फटिकाने केली, संशोधकाने नाही. तरी स्फटिकात सापडलं म्हणून त्याने खडा रोखला, असं होत नाही. तसं पाहिलं तर खड्यातही थोडं प्रथिन असतंच. चोराला पकडायला आलेला पोलीस आणि चोर, दोघंही घटनास्थळी सापडतात.

मग उंदीर. 2003 मध्ये ऑस्टिओपॉन्टिनचं जनुक काढलेल्या उंदरांना इथिलीन ग्लायकॉल दिलं, ज्यातून शरीरात ऑक्झलेट वाढतं. त्यांच्या नलिकांमध्ये स्फटिक साचले, साध्या उंदरांमध्ये नाही. 2004 मध्ये टॅम-हॉर्सफॉल नसलेल्या उंदरांबाबतही तसंच दिसलं. हा भक्कम पुरावा आहे. पण बरेच रिव्ह्यू इथे एक उडी मारतात : परीक्षानळीत प्रथिनाने गठ्ठा रोखला, उंदरातून ते काढल्यावर स्फटिक झाले, म्हणजे उंदरातही ते गठ्ठाच रोखत होतं. हे सिद्ध झालेलं नाही. 2013 मध्ये दिसलं की युरोमोड्युलिन नलिकेच्या पेशींवरची टीआरपीव्ही5 ही कॅल्शियमची वाट पृष्ठभागावर टिकवून धरतं. त्यामुळे जास्त कॅल्शियम रक्तात परत ओढलं जातं. म्हणजे ते स्फटिकाला हात न लावता, लघवीतलं कॅल्शियमच कमी करूनही खडा टाळत असेल. 2010 मध्ये आइसलँडच्या लोकांमध्ये युरोमोड्युलिनच्या जनुकाचा एक प्रकार खड्यापासून संरक्षण देताना दिसला, पण तोच प्रकार मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचा धोका वाढवणारा निघाला. प्रथिन खड्याच्या आड येतं, हे यातून पटतं. कुठल्या वाटेने, हे नाही.

हे एवढं ताणायचं कारण आपल्या जवळचं आहे. आपल्याकडे फार्मसी आणि बायोटेकच्या कितीतरी प्रबंधांत एखाद्या वनस्पतीचा अर्क कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम ऑक्झलेटच्या मिश्रणात घालतात, 620 नॅनोमीटरवर गढूळपणा मोजतात आणि ‘इतके टक्के रोध’ असं लिहून निष्कर्षात ‘मुतखड्यावर उपयुक्त’ म्हणतात. गढूळपणा कमी झाला तो कण जन्मले नाहीत म्हणून, लहान राहिले म्हणून, की मोठे होऊन तळाशी बसले म्हणून? शेवटची शक्यता खरी असेल तर निष्कर्ष बरोबर उलटा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहिला तरी बराच उलगडा होतो.

आणि रुग्णाला आज काय मिळतं? इटलीत बोर्गी यांच्या गटाने 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पहिला खडा झालेल्यांना भरपूर पाणी प्यायला लावलं. पाच वर्षांत त्यांच्यापैकी 12 टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, इतरांमध्ये 27 टक्के. सायट्रेटही दिलं जातं. प्रथिनांवरचं औषध मात्र दवाखान्यात पोचलेलं नाही. म्हणून हे संशोधन वाया गेलं असं मी म्हणणार नाही. खड्याचा प्रश्न नुसता रसायनाचा नाही, मूत्रपिंडाच्या पेशी त्यात सामील आहेत, हे याच कामाने दाखवलं. फक्त दावा पुराव्याच्या मापाचा हवा.

माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे : “टॅम-हॉर्सफॉल प्रथिन प्रयोगशाळेत, पीएच आणि क्षारांच्या ठरावीक मर्यादेत, कॅल्शियम ऑक्झलेटच्या कणांचा गठ्ठा होणं रोखतं. ते नसलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात स्फटिक साचतात. या दोन निरीक्षणांमधला दुवा अजून खुला आहे.” एका वाक्याची तीन झाली. माझ्या पीएचडीचा प्रश्न त्यातल्या तिसऱ्या वाक्यात आहे.