महानोरांचा पाऊस, आमचा ताण

ना. धों. महानोरांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह 1967 चा. मी तो पहिल्यांदा वाचला मे महिन्यात. आमच्या काटोलकडे तेव्हा संत्र्याचं पाणी तोडलं असतं, मृग बहारासाठी. झाडं ताणावर, पानं कोमेजलेली. अशात ते हिरवंगार रान वाचून रागच आला. महानोर स्वतः पळसखेडचे शेतकरी. मग पाऊस येते का नाही, ही धास्ती गेली कुठं?

मृगाचा पाऊस पडला, पुढं झाडं फुलली. रात्री बगीच्यात असा वास दाटला की पुस्तक पुन्हा काढलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त बहुतेक कवितांत पाऊस आलेला असते. त्याच्या आधीचा महिना त्यांनी सोडला. मले तोही पाहिजे होता.